नहरेकाठचं घर आणि दारात बोट: नागपूरजवळ प्लॉट घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा फ्लोरिडातल्या केप कोरलला काही वर्षं कालव्याकाठच्या घरात राहिला. घराच्या मागच्या दारात बोट, बसलं की थेट समुद्रात. पुढच्या वर्षी तो कायमचा नागपूरला परततोय आणि त्याला तसंच घर हवंय. आईवडिलांनी दोन प्लॉट पाहून ठेवलेत. एक मौद्याच्या बाजूला पेंचच्या नहरेला लागून, जाहिरातीत ‘कॅनॉल-फ्रंट, बोटिंगची सोय’ असं छापलेला. दुसरा कुही तालुक्यात, आंभोऱ्याच्या बाजूला, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याजवळ. कोणता घ्यावा?

पहिला सोडून द्या. दुसऱ्याचा विचार करता येईल, पण मे महिन्यात जागेवर जाऊन आल्याशिवाय बयाणा देऊ नका. खालचं सगळं या दोन वाक्यांचं कारण आहे.

केप कोरलचा कालवा आणि आपली नहर यांत नावापलीकडे साम्य नाही. तिथे १९५७ पासून दलदलीची जमीन खोदून वस्ती उभी केली, खोदलेल्या चरांतली माती प्लॉटवर टाकून ते उंच केले आणि चर पाण्याने भरले. असे सुमारे सहाशे किलोमीटरहून जास्त कालवे त्या एका गावात आहेत. पाणी जवळपास स्थिर, भरती-ओहोटीचा फरक थोडासाच, आणि प्लॉटच्या कडेला उभी काँक्रीटची भिंत. तिथलेही सगळे कालवे समुद्राला मिळत नाहीत, हे मुलाला ठाऊक असेलच. बरेच गोड्या पाण्याचे आणि बंद आहेत. म्हणून तिथे घर घेताना पहिला प्रश्न असतो तो वाटेतल्या स्थिर पुलांच्या उंचीचा आणि मोकळ्या पाण्यापर्यंत किती वेळ लागतो त्याचा. घर किती सुंदर आहे हे नंतर.

पेंचची नहर ही धानाच्या बांध्यांना पाणी पोचवणारी यंत्रणा आहे. तिच्यात पाणी आवर्तनाने सुटतं; आवर्तन संपलं की तळाशी गाळ, शेवाळ आणि डबकी उरतात. ‘वॉटर व्ह्यू’ म्हणून पैसे मोजलेल्या प्लॉटसमोर वर्षातले कित्येक आठवडे कोरडं काँक्रीट असतं. आणि पाणी असतं तेव्हा ते वाहतं. अस्तर केलेल्या मुख्य कालव्यात सेकंदाला एक ते दीड मीटर वेग नेहमीचाच. म्हणजे ताशी साडेतीन ते साडेपाच किलोमीटर, एखाद्या नवख्या माणसाच्या वल्हवण्याइतका. प्रवाहाबरोबर गेलेली बोट उलट आणता येत नाही. काठ दीडास एक उताराचे, शेवाळलेले. पडलेल्या माणसाला हात धरायला काही सापडत नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा नहरेत बुडतात ते यामुळे. पुढे क्रॉस रेग्युलेटरची, म्हणजे कालव्यातलं पाणी अडवणारी गेटं येतात, नाल्याखालून जाणारा सायफन येतो. सायफनच्या तोंडाशी पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं. शिवाय गावरस्त्याच्या पुलाची खालची बाजू भरलेल्या पाण्यापासून जेमतेम दोन-तीन फूट वर असते. बोटीत बसलेल्या माणसाचं डोकं त्याखालून जात नाही.

कायद्याचं तर विचारूच नका. कालवा, दोन्ही भराव आणि काठावरचा निरीक्षण रस्ता ही सगळी जलसंपदा विभागाची संपादित जमीन. तुमचं कुंपण आणि पाणी यांच्या मध्ये सरकारी पट्टी आहे, तिच्यावर घाट किंवा पायऱ्या बांधणं म्हणजे अतिक्रमण. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली कालव्याला इजा करणं किंवा प्रवाहात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. विक्रेत्याने ‘बोटिंगची सोय’ लिहिलं असेल तर त्याला एकच सांगा: विभागाची परवानगी लेखी दाखवा. अजून एक गोष्ट. नहर आसपासच्या जमिनीपेक्षा उंच भरावावर असेल तर पाझराने खालचा प्लॉट चिबड होतो. शेजारच्या शेतात उन्हाळ्यातही हिरवा लव्हाळा दिसला तर ओळखा की पाणी जमिनीतून येतंय. तिथे शोषखड्डा काम करत नाही आणि सेप्टिक टँकचं पाणी परत वर येतं.

मग नागपूरजवळ बोट चालते कुठे? शहरातले तलाव मनातून काढून टाका. अंबाझरी असो की फुटाळा, तिथे खासगी बोट ठेवून काठावर घर असा प्रकार नाही. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा तोही नाही. खिंडसीला बोटिंग चालतं, पण ते पर्यटकांना फिरवणारं. तिथे घर घेतलंत तरी ‘माझी बोट माझ्या घाटावर’ हे आपोआप मिळत नाही. उरतात मोठ्या जलाशयांचे काठ, आणि त्यात गोसीखुर्दचा फुगवटा सगळ्यात लांबरुंद. तुमचा दुसरा प्लॉट तिथेच आहे, म्हणून आता त्याच्याकडे नीट पाहू.

जलाशयाकाठी घर घेताना तुम्ही दोन पातळ्या विकत घेता. एक मे-जूनमधली सगळ्यात खालची, दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमधली सगळ्यात वरची. घर वरच्या पातळीच्या वर पाहिजे आणि बोट खालच्या पातळीलाही तरंगली पाहिजे. दलाल प्लॉट दाखवतो तो दिवाळीच्या आसपास, तळं काठोकाठ भरलेलं असताना. त्या दिवशी दिसणारं पाणी ही या दोन टोकांपैकी एकाच्या जवळची अवस्था आहे, बाकी वर्षभराचं चित्र वेगळं.

गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पातळी, समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे. सिंचनासाठी पाणी सोडलं आणि उन्हाळ्यात वाफ झाली की पातळी उतरत जाते. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्या पाण्यावरून रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. पातळी किती मीटर उतरते यापेक्षा काठाचा उतार किती आहे यावर तुमचं नशीब ठरतं. हिशेब साधा आहे. समजा पातळी ३ मीटर उतरली. काठाचा उतार साठास एक असेल, म्हणजे साठ मीटर चालल्यावर एक मीटर खोल, तर पाणी १८० मीटर मागे जातं. उतार दहास एक असेल तर ३० मीटरच. साठास एक उताराच्या प्लॉटवर फेब्रुवारीत खुर्ची टाकून बसलात तर समोर पाणी नाही, गाळपेराचं शेत दिसेल. हरभरा, गहू, पुढे टरबूज. ती जमीन सरकारी असते, पाणी उतरल्यावर हंगामापुरती पेरणीला दिली जाते, आणि त्या पिकातून बोट ओढत न्यायचा हक्क तुम्हाला नाही.

म्हणून एरवी कुणाला न आवडणारा प्लॉट बोटवाल्याने आधी पाहावा: खडकाळ, टेकाडाचा, पाण्याकडे भर्रकन उतरणारा. सपाट हिरवळीचा, ‘पाण्यापर्यंत चालत जा’ असा प्लॉट फोटोत छान दिसतो, पण बोटीला निरुपयोगी ठरतो.

पातळ्या तपासायचं काम तुम्हीच करायचं आहे, आणि ते फार अवघड नाही. धरणाच्या शाखा कार्यालयात रोजच्या पाणीपातळीची नोंदवही असते. मागच्या दहा वर्षांतल्या मेअखेरच्या आणि सप्टेंबरच्या पातळ्या माहिती अधिकारात मागा, अर्जाचं शुल्क १० रुपये. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं तारखेसह दिसतात. एप्रिल-मेची चित्रं काढून प्लॉटच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्या इथे उपयोगी नाहीत. सर्व्हेयरला ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन बोलवा आणि प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या पातळ्या धरणाच्या बेंचमार्कशी, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणेशी जोडून मागा. ‘पाण्यापासून पाच फूट वर’ असलं मोजमाप चालणार नाही. कोणत्या दिवशीच्या पाण्यापासून?

पाण्याखालचा तळ मोजायला ढीवर बांधवांपैकी कुणाचा डोंगा एका सकाळपुरता भाड्याने घ्या. दोरीला किलोभर वजन बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा, आणि काठापासून सरळ रेषेत दर १० मीटरवर दोरी सोडून खोली लिहून घ्या. त्या दिवशीची पातळी कार्यालयातून मिळते. समजा ती २४४.२० आहे आणि मेअखेरची २४२.०० असते. फरक २.२० मीटर. म्हणजे आज जिथे ३.४ मीटर खोल आहे तिथे मेमध्ये १.२ मीटर उरेल. चौदा फुटी फायबर बोटीचा तळ पाण्यात जेमतेम फूटभर बुडतो, पण आउटबोर्ड इंजिनाचा पंखा त्याहून खाली, दोन-सव्वादोन फुटांवर फिरतो. गाळ आणि खुंट धरून १.२ मीटरपेक्षा कमी पाण्यात इंजिन खाली सोडू नये. तुमच्या काठापासून ही खोली मेमध्ये किती दूर मिळते, तो आकडा या सगळ्या खटाटोपाचं उत्तर आहे. ५० मीटरच्या आत असेल तर प्लॉट बोटीसाठी चांगला. दोनशेच्या पुढे असेल तर तो तलावाशेजारचा प्लॉट आहे, बोटीचा नाही, आणि भावही तसाच लावा.

दोरीला खुंट, जाळी अडकते का तेही पाहा. बुडीत क्षेत्रातली झाडं सगळी तोडलेली नसतात. पातळी उतरली की त्यांचे शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर येतात, आणि हीच सगळ्यात धोक्याची वेळ. पूर्ण उघडे पडले की निदान दिसतात. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात, त्यांची जाळी संध्याकाळी लागतात. त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. जाळं कापलं गेलं तर भरपाई तुमच्याकडे, आणि गावात राहायचं तुम्हालाच आहे.

पाण्याची प्रत हा गोसीखुर्दचा दुखरा भाग. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला, आंभोऱ्यापाशीच. म्हणजे आपण शहरात जे सोडतो ते तुमच्या प्लॉटसमोरून जाणार. जलपर्णी या पाण्यावर पोसते. वारा एका बाजूचा लागला की तिचा जाड थर खाडीत येऊन बसतो आणि बोट बाहेर निघत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं ती जाळी चोंदते व इंजिन तापतं. प्लॉट खाडीच्या टोकाला असेल तर हा त्रास जास्त, मुख्य पात्राकडे तोंड असेल तर कमी. पण मुख्य पात्राकडे लाटा मोठ्या. एप्रिल-मेच्या वादळात तीन-चार किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेला वारा बांधलेली बोट काठावर आपटून फोडतो. उंच काठाच्या आडोशाला, पण खाडीच्या अगदी तोंडाशी असलेली जागा दोन्हीच्या मधली. अशी मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी हरकत नाही.

आता वरची पातळी. जलाशयाची पूर्ण संचय पातळी आणि पुराची कमाल पातळी वेगळ्या असतात. घराचा हिशेब कमाल पातळीवर करायचा. त्यातही फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जिथे नदी जलाशयात शिरते, पुराचं पाणी धरणापाशी असतं त्यापेक्षा उंच चढतं, कारण मागून लोंढा ढकलत असतो. धरणाच्या भिंतीपाशी लिहिलेला आकडा आंभोऱ्याकडच्या प्लॉटला जसाच्या तसा लावू नका.

नदीकाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि जोत्याची पातळी लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. ही कमीत कमी अट आहे, तिथे थांबू नका. एक मीटर ठेवा. विजेचा मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर जोत्याच्याही दीड मीटर वर. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची शंभर वर्षं निवांत असा नाही, दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा पाणी येण्याची शक्यता चारात एकाहून जास्त होते.

नागपूरकरांना हे वेगळं समजावायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या लेआउटमधल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. तिथले प्लॉटही कधीतरी ‘तलावाजवळ’ म्हणून विकले गेले असतील. सांडव्याच्या खालच्या बाजूला किंवा नाल्याच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला असलेली जागा पाहताना हे आठवा. तुमच्या दुसऱ्या प्लॉटच्या कोपऱ्यातून एखादा कोरडा नाला जातो का तेही बघा. धरण भरलेलं असताना त्या नाल्याच्या पाण्याला निचरा मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि प्लॉटमध्ये पसरतं.

कागदपत्रांत नेहमीचं सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश हे वकील पाहीलच. जलाशयाकाठी तीन गोष्टी वेगळ्या मागा. भूसंपादनाचा निवाडा आणि त्यासोबतचा नकाशा, म्हणजे गटाचा नेमका किती भाग सरकारने घेतला ते कळतं. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा हद्दी दाखवणारा नकाशा, आणि मोजणीच्या दिवशी संपादनाच्या हद्दीचे दगड समोर उभं राहून दाखवून घ्या. ते उपटून पाण्याकडे सरकवलेले असू शकतात. तिसरं, पाण्यापर्यंत जायचा रस्ता गाव नकाशावर आहे का. नसेल तर पाणी समोर दिसत असूनही बोट न्यायला वाट नाही. प्लॉट अजून शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला तो घेता येत नाही. आणि मुलगा अनिवासी भारतीय आहे तोवर शेतजमीन किंवा फार्महाऊस त्याच्या नावावर विकत घेता येत नाही. तो परतून निवासी झाल्यावर व्यवहार करा, किंवा अकृषिक प्लॉटच बघा.

पायाबद्दल थोडंच. कुही-उमरेड पट्ट्यात काळी माती असेल तर ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि जलाशयाकाठी हे चक्र दरवर्षी ठळक चालतं. साध्या दगडी पायावर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब घ्या: ३० सेंटिमीटर व्यासाचा, खाली ७५ सेंटिमीटरचा फुगा, लांबी किमान साडेतीन मीटर, वर जमिनीपासून थोडी उचललेली बीम. सपाट जागेवर हा खर्च टळत नाही. टेकाडावर मुरूम लवकर लागला तर वाचतो, म्हणजे उताराचा प्लॉट इथेही जिंकतो.

घाटाचा मोह आवरा. पाण्यात खांब रोवून पक्की जेट्टी विभागाच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि झाली तरी मेमध्ये ती हवेत उभी राहते. अर्धा मीटर चौरस प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तरंगती जेट्टी पातळीबरोबर खालीवर होते, पण सपाट काठावर डिसेंबरातच चिखलात बसते. तिलाही परवानगी लागतेच. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते, त्याची चौकशी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे करा. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं, किमान १०० न्यूटन तरंगशक्तीचं, आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचं. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटली, तेव्हा बुडालेले सगळे तरुणच होते. फिरायच्या पट्ट्यात विजेच्या तारा पाण्यावरून जात असतील तर त्यांची उंची भरलेल्या पातळीला मोजा. शिडाची किंवा उंच छताची बोट घेणार असाल तर नक्कीच.

खरं विचाराल तर या दोन प्लॉटपेक्षा एक तिसरी रीत जास्त सोयीची पडते. घर पाण्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर, गावाजवळ, पुराच्या रेषांच्या पलीकडे आणि पक्क्या रस्त्यावर घ्या. बोट चौदा फुटी, सुमारे १० अश्वशक्तीच्या इंजिनाची, दोनचाकी ट्रॉलीवर अंगणात शेडखाली. इंजिन चाळीसेक किलोचं, बोट आणि ट्रॉली मिळून साधारण कारने ओढण्याजोगं वजन होतं. पाण्यात उतरवायला पुलाजवळचा किंवा गावाचा वापरातला उतार शोधा. चांगला उतार सातास एक ते आठास एक असतो. त्याहून सपाट असला तर गाडीची मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत बोट तरंगत नाही, त्याहून तीव्र असला तर चढताना चाकं घसरतात. चिखल असेल त्या महिन्यांत कार नको, शेजारच्याचा ट्रॅक्टर सांगा. पातळी उतरली की तुम्ही पाण्यामागे जाता, पाणी तुमच्याकडे यायची वाट बघत नाही.

ट्रॉलीची चाकं दरवेळी पाण्यात बुडतात. प्रवासात तापलेलं बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. उतरवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून हब निवू द्या, आणि दर पाच-सहा खेपांनी जुनं ग्रीस काढून नवं मरीन ग्रीस भरा. कुही ते नागपूर रस्त्यावर रात्री बेअरिंग जाम झालं तर मिळणारा मेकॅनिक ट्रॅक्टरचा असतो, बोटीच्या ट्रॉलीचा नाही. म्हणून एक जादा बेअरिंगचा संच आणि स्टेपनी ट्रॉलीवरच बांधून ठेवा.